लैंगिक आरोग्याची पहिली तपासणी : कुठे जायचं, काय बोलायचं, कोणता कागद जपायचा

लैंगिक आरोग्याच्या तक्रारीसाठी पहिल्यांदा दवाखान्याची पायरी चढताना मुलामुलींना आजारापेक्षा जास्त धास्ती असते ती घरी कळण्याची. ही धास्ती खोटी नाही. पण घरी कळतं ते बहुतेक वेळा डॉक्टरांनी सांगितल्यामुळे नाही. वडिलांच्या मोबाइलवर लॅबचा मेसेज जातो, दप्तरात केसपेपर सापडतो, आईच्या विम्याच्या क्लेममध्ये तपासणीचं नाव उमटतं, नाहीतर रांगेत गावातलंच कोणीतरी भेटतं. यातली बरीच भोकं आधीच बुजवता येतात. हा लेख महाराष्ट्रात राहणाऱ्या, साधारण १५ ते २५ वयाच्या मुलामुलींसाठी आहे. यात सांगितलेले कायदे देशभर सारखेच आहेत, त्यामुळे गोव्यात किंवा बेळगावात राहणाऱ्यांनाही ते लागू पडतात. केंद्रांची नावं तेवढी बदलतील.

आधी घड्याळ बघा

पुढचं वाचण्याआधी एकच प्रश्न : जे घडलं त्याला किती तास झाले? तीन दिवस उलटले नसतील तर एवढा भाग वाचून उठा, बाकीचं नंतर वाचा.

संरक्षणाशिवाय संबंध आला आणि समोरची व्यक्ती एचआयव्हीबाधित आहे किंवा तशी दाट शंका आहे, किंवा तुमच्यावर अत्याचार झाला आहे, तर 'पेप' नावाचं, एचआयव्हीची लागण रोखणारं औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं. पहिल्या काही तासांत मिळालं तर सर्वात उत्तम. त्यानंतर २८ दिवस रोज न चुकता गोळ्या घ्यायच्या. ७२ तासांनंतर ते सुरू करण्यात अर्थ राहत नाही, कारण तोवर विषाणूने शरीरात ठाण मांडलेलं असतं. जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात जा. दुपारनंतर ओपीडी बंद झाली असेल तर थेट अपघात विभागात. "मला पेप सुरू करायची आहे, इतके तास झालेत," हे वाक्य पुरतं. अत्याचारानंतर हे औषध सरकारी रुग्णालयात मोफत मिळतं. मर्जीने आलेल्या संबंधानंतर काही ठिकाणी टाळाटाळ होते. अशा वेळी एआरटी केंद्रातल्या (एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रातल्या) डॉक्टरांना भेटा, नाहीतर खासगी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकत घ्या, पण वाट बघत बसू नका. पेप फसते ती बहुधा मध्येच सोडल्यामुळे. दहाव्या दिवशी मळमळ होते, चाचणी निगेटिव्ह आलेली असते, म्हणून मुलं गोळी बंद करतात. त्या निगेटिव्ह चाचणीचा अर्थ एवढाच, की त्या प्रसंगाच्या आधी तुम्हाला संसर्ग नव्हता.

गर्भधारणेची भीती असेल तर तातडीची गर्भनिरोधक गोळी. आय-पिल, अनवाँटेड-७२ ही बाजारातली नावं. आत औषध एकच, लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम. सरकारी केंद्रात हीच गोळी इझी पिल या नावाने मिळते. एक गोळी, एकदाच, ७२ तासांच्या आत. जितकी लवकर तितका भरवसा जास्त, कारण ती बीज बाहेर पडणं लांबवते. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिचा फारसा उपयोग होत नाही. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा एक घ्यावी लागते. तीन दिवस उलटले, पण पाच उलटले नाहीत, तर रुग्णालयात तांबी (कॉपर-टी) बसवून घेता येते. गर्भ राहू न देण्याच्या बाबतीत ती गोळीपेक्षाही भरवशाची.

गोळी घेतल्यावर पुढची पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते, त्याने घाबरू नका. आठवड्याहून जास्त उशीर झाला तर मात्र चाचणी करा. आणि ही गोळी झालेल्या एका प्रसंगापुरती असते. त्याच महिन्यात पुढे संबंध आले तर तिचं संरक्षण उरत नाही. सर्वात जास्त गफलत इथेच होते.

अत्याचार झाला असेल तर अंघोळ न करता, कपडे न धुता, अंगावरचे कपडे कागदी पिशवीत घालून जमेल तितक्या लवकर रुग्णालयात जा. अंघोळ झाली असली तरीही जा. सरकारी असो वा खासगी, कुठल्याही रुग्णालयाला तुमच्यावर लगेच मोफत उपचार करावेच लागतात, आणि "आधी पोलिसांचा कागद आणा" असं म्हणता येत नाही. 'टू फिंगर टेस्ट' म्हणून जी योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी ओळखली जाते ती सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा एकदा ठामपणे निषिद्ध ठरवली आहे. कोणी ती करायला निघालं तर थेट नकार द्या. मदतीचे फोन क्रमांक : १८ च्या आतल्यांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, आणि कुणालाही ११२.

१८ वर्षांची रेघ

हा भाग कोणालाच ऐकायला आवडत नाही, पण तो नीट समजून घेतल्याशिवाय दवाखान्यात काय बोलायचं हे ठरवता येत नाही.

तुमचं वय १८ पूर्ण असेल तर गोष्ट सरळ आहे. तपासणी, उपचार, गर्भनिरोधक, गर्भपात, सगळ्याला फक्त तुमची संमती लागते. लग्न झालेलं असो वा नसो. आई-वडील, नवरा, मित्र यांची सही कायद्याने लागत नाही. डॉक्टर तुमची माहिती घरच्यांना सांगू शकत नाहीत. तो त्यांच्या व्यवसायाच्या नियमांचा भंग ठरतो. एचआयव्हीच्या बाबतीत तर त्यासाठी स्वतंत्र कायदाच आहे, २०१७ चा, सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला. लेखी किंवा नोंदवलेल्या संमतीशिवाय चाचणी करायची नाही आणि निकाल परस्पर कुणाला द्यायचा नाही, असं तो सांगतो.

१८ पूर्ण नसेल तर दोन अडचणी येतात. पहिली, एचआयव्ही चाचणीसाठी आणि गर्भपातासाठी पालकाची संमती मागतात. दुसरी अडचण मोठी आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यानुसार, १८ खालच्या व्यक्तीशी आलेला कुठलाही लैंगिक संबंध गुन्हा धरला जातो, दोघांची मर्जी असली तरी, दोघंही सतरा वर्षांचे असले तरी. आणि अशी गोष्ट कळली की पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे; डॉक्टर, समुपदेशक, शिक्षक सगळ्यांवर. न कळवल्यास शिक्षा आहे. त्यामुळे "इथे बोललेलं कुठेही जाणार नाही" असं सोळा वर्षांच्या मुलीला कोणी सरसकट सांगत असेल तर ते अर्धंच खरं असतं.

मग काय करायचं? दवाखाना टाळायचा नाही. पाळीच्या तक्रारी, अंगावरून पाणी जाणं, खाज, लघवीची जळजळ, शरीरातले बदल, गर्भनिरोधकांची नुसती माहिती, यापैकी कशासाठीही पोलिसांना कळवावं लागत नाही. समुपदेशकासमोर बसलात की पहिला प्रश्न हा विचारा : "मी काय सांगितलं तर तुम्हाला ते पुढे कळवावं लागेल?" चांगला समुपदेशक याचं सरळ उत्तर देतो. त्यानंतर काय आणि किती सांगायचं ते तुम्ही ठरवा.

गर्भ राहिला असेल तर लपवून दिवस घालवणं हा सर्वात धोक्याचा मार्ग. इथे दोन गोष्टी माहीत असाव्यात. गर्भपात कायद्यात 'पालक' म्हणजे अल्पवयीन मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. ती आई-वडीलच असली पाहिजेत असं नाही. ज्यांच्याकडे तुम्ही राहता ती मावशी, आजी, मोठी बहीणही असू शकते. आणि २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे, की मर्जीच्या संबंधातून गर्भ राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली तर, मुलीने आणि पालकाने विनंती केल्यास, डॉक्टरांनी पोलिसांना कळवताना तिचं नाव आणि ओळख उघड करण्याची गरज नाही. हा निकाल सगळ्याच डॉक्टरांना ठाऊक असतो असं नाही. त्याची तारीख लक्षात ठेवा आणि न लाजता सांगा.

आणि कोणी जबरदस्ती करत असेल, नात्यातलं असो वा शिकवणीतलं, तर ते कळवलं जाणं हेच तुमच्या बाजूचं आहे.

कुठे जायचं

सरकारी यंत्रणेत तीन दारं आहेत आणि तिघांची कामं वेगळी. चुकीच्या दारात गेलात की "इथे नाही, तिकडे जा" ऐकत अख्खा दिवस जातो.

मैत्री क्लिनिक हे १० ते १९ वयासाठी. २०१४ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातलं हे केंद्र महाराष्ट्रात 'मैत्री' नावाने चालतं, पण जुनी मंडळी अजून 'अर्श क्लिनिक' म्हणतात. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय यांत बहुधा एक समुपदेशक बसतो. पाळी, रक्त कमी असणं, मनाचा ताण, गर्भनिरोधकं, सगळंच इथे विचारता येतं. म्हणूनच हे दार सर्वात सोयीचं : कोणी पाहिलं तरी "पाळीसाठी आले होते" किंवा "चेहऱ्यावरच्या पुटकुळ्यांसाठी आलो होतो" एवढं सांगता येतं.

सुरक्षा क्लिनिक हे गुप्तरोगांसाठी. मोठ्या रुग्णालयात ते त्वचारोग विभागाला किंवा स्त्रीरोग विभागाला जोडलेलं असतं.

आयसीटीसी म्हणजे एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र, एचआयव्ही चाचणीसाठी. चाचणी मोफत. आधार कार्ड नाही म्हणून चाचणी नाकारायची नसते. तिथे तुम्हाला एक नंबर दिला जातो, पुढच्या नोंदी त्या नंबराने होतात. जवळचं केंद्र कुठे हे विचारायला १०९७ हा राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेचा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं, नाव सांगावं लागत नाही. फोन घरच्यांच्या हाती जात असेल तर नंतर कॉल लॉगमधून तो काढून टाका.

गावात राहणाऱ्यांसाठी एक स्पष्ट सल्ला. उपकेंद्रातल्या नर्सताई आणि आशाताई जीव तोडून काम करतात, पण त्या तुमच्या आईला रोज भेटणाऱ्या असतात. त्यांच्यातल्या बहुतेक जणी काही बोलणार नाहीत. तरीही तुम्हाला त्यांच्यासमोर मोकळं वाटणार नसेल तर शेजारच्या तालुक्याचं ग्रामीण रुग्णालय गाठा. सरकारी रुग्णालयात 'तुमचा भाग हा नाही' म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

मुलाचे मुलाशी संबंध असतील तर तसं डॉक्टरांना सांगणं उपचारासाठीच गरजेचं असतं. फक्त लघवी तपासली तर घशातला किंवा गुदद्वारातला संसर्ग सुटून जातो. प्रौढांमधले असे मर्जीचे संबंध सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. मुंबईत हमसफर ट्रस्टसारख्या संस्था याच कामासाठी आहेत आणि तिथे हे सांगताना शब्द शोधावे लागत नाहीत.

त्या दिवशी

ओपीडी साधारण सकाळी साडेआठ-नऊला सुरू होते आणि केसपेपर साडेअकरा-बाराच्या सुमाराला बंद होतो. सोमवारी आणि बाजाराच्या दिवशी गर्दी सर्वात जास्त. मधल्या वारी, दहाच्या आत पोहोचा.

१. केसपेपरच्या खिडकीवर तक्रार सांगायची नसते, विभाग सांगायचा असतो. मागे वीस माणसं उभी असताना खिडकीतला माणूस मोठ्याने विचारतो, "काय होतंय?" उत्तर फक्त "त्वचारोग विभाग" किंवा "स्त्रीरोग विभाग". आयसीटीसीत जायचं असेल तर बहुतेक ठिकाणी आधी केसपेपरही लागत नाही, थेट खोलीपाशी जा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरसह सगळं मोफत आहे. मेडिकल कॉलेज आणि महापालिकेच्या रुग्णालयांत थोडे पैसे लागू शकतात, सुटे ठेवा.

२. नाव खरं सांगा. खोटं नाव सांगावंसं वाटतं, पण पुढे रिपोर्ट, औषधं, दाखल होणं यात नावं जुळत नाहीत आणि तुमचेच हाल होतात. मोबाइल नंबर मात्र फक्त स्वतःचा. घरचा नंबर, दुकानाचा नंबर, वडिलांचा नंबर कुठेही लिहू नका. 'आभा' क्रमांक (सरकारी डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) मागितला तर तो ऐच्छिक आहे, "नको" म्हणता येतं.

३. डॉक्टरांसमोर तक्रार चार गोष्टींत सांगा : काय होतंय, किती दिवसांपासून, शेवटचा संबंध कधी आला, निरोध होता का. मुलींनी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसाची तारीख सांगायची. शेजारी विद्यार्थी किंवा दुसरे रुग्ण उभे असतील तर "एकट्याने बोलायचंय" म्हणा. पुरुष डॉक्टर मुलीला तपासत असतील तर खोलीत स्त्री कर्मचारी असायला हवी. नसेल तर थांबा आणि बोलवायला सांगा.

४. "लग्न झालंय का?" हा प्रश्न येणारच. त्याचं उत्तर लाजत, अडखळत देण्यापेक्षा सरळ द्या : "नाही, पण संबंध आलेत, म्हणून तपासायचंय." यावर कोणी संस्कारांचं व्याख्यान सुरू केलं तर वाद घालू नका. "तपासणी कुठली करायची तेवढं लिहून द्या" म्हणा. १८ पूर्ण असताना "आई-वडिलांना घेऊन ये" असं सांगितलं तर वैद्यकीय अधीक्षकांच्या खोलीत जा. हे पाऊल अवघड वाटतं, पण बहुतेक वेळा तिथवर जायची वेळ येत नाही, "मग मी अधीक्षकांना विचारते" एवढंच पुरतं.

तपासणीला जाण्याआधीच्या दोन-तीन बारीक गोष्टी. मुलांनी तास-दोन तास आधीपासून लघवी करू नये, कारण लघवीच्या पहिल्या धारेबरोबर तपासायचा स्राव वाहून जातो. मुलींनी आतून पाण्याने धुवू नये. जखमेवर मलम लावून जाऊ नये. मेडिकलवाल्याने दिलेल्या मलमाने जखमेचं रूप बदलतं आणि डॉक्टरांना ओळखता येत नाही.

सुरक्षा क्लिनिकमधले रंगीत डबे

सुरक्षा क्लिनिकमध्ये लक्षण बघून तिथेच औषध देतात, प्रयोगशाळेच्या निकालासाठी आठवडाभर थांबवत नाहीत. औषधांच्या सात ठरावीक किट असतात आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. लघवीच्या जागेतून पू किंवा स्राव येत असेल तर करडी. त्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम, दोन्ही एकाच वेळी, समोरच घ्यायची. खाज आणि पांढऱ्या स्रावासाठी हिरवी. जखमेसाठी पांढरी, तिच्याबरोबर पेनिसिलीनचं इंजेक्शन. पेनिसिलीन चालत नसेल त्यांना निळी. पाण्याच्या फोडांसाठी, म्हणजे नागिणीच्या जातीच्या हर्पिससाठी, लाल. मुलींच्या ओटीपोटात दुखत असेल तर पिवळी, १४ दिवसांची. जांघेत गाठ आली असेल तर काळी, २१ दिवसांची. रंग लक्षात ठेवायचं कारण एवढंच, की कोणती किट मिळाली हे सांगितलं की दुसऱ्या गावातल्या डॉक्टरांनाही सगळं समजतं. केसपेपर बाळगावा लागत नाही.

पेनिसिलीनचं इंजेक्शन घेतलं की अर्धा तास तिथेच बसून राहा. अ‍ॅलर्जी क्वचित येते, पण आली तर मिनिटांत येते, आणि तेव्हा तुम्ही एसटीत असता कामा नये.

उपचार फसण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं, जोडीदाराने औषध घेतलं नाही, म्हणून पुन्हा तोच संसर्ग. त्याला किंवा तिला बरोबर नेता येत नसेल तर डॉक्टरांना तसं सांगा, त्यावर मार्ग असतो. दुसरं, सात दिवस संबंध टाळायला सांगितले होते ते टाळले नाहीत. तिसरं आणि सर्वात घातक : सिफिलिसची जखम दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरते. मुलं सुटकेचा श्वास टाकतात. पण जखम भरली म्हणजे रोग गेला असं नसतं, तो रक्तात शिरून वर्षांनंतर हृदय आणि मेंदूपर्यंत जातो. न दुखणारी जखम दिसली की व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही रक्तचाचणी मागून घ्या. जखम येऊन एकदोन दिवसच झाले असतील तर ही चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.

मुलींसाठी आणखी एक : दह्यासारखा पांढरा स्राव आणि खाज हे बहुतेक वेळा साध्या बुरशीचं लक्षण असतं. ती संबंध न आलेल्या मुलींनाही होते. तेवढ्यावरून स्वतःवर किंवा जोडीदारावर संशय घेऊ नका.

आयसीटीसीत काय होतं

छोटी खोली, एक टेबल, समुपदेशक. दार लावलेलं असायला हवं, उघडं असेल तर लावायला सांगा. आधी दहा-पंधरा मिनिटं बोलणं, मग संमतीपत्रावर सही, मग शेजारच्या खोलीत रक्त. निकाल बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी, आणि तो तुमच्याच हातात, पुन्हा बोलून. मित्राला पाठवून रिपोर्ट मागवता येत नाही. हा त्रास वाटतो, पण तो तुमच्याच रक्षणासाठी आहे.

पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे निकाल लागला असं नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या आणखी दोन चाचण्या करूनच पक्कं सांगतात. निगेटिव्ह आली आणि धोक्याचा प्रसंग तीन महिन्यांच्या आतला असेल तर तीन महिने पूर्ण झाल्यावर पुन्हा करावी लागते, कारण मधल्या काळात शरीरात प्रतिद्रव्यं पुरेशी तयार झालेली नसतात. या काळात निरोध वापरायचा आणि रक्तदान करायचं नाही. 'फुकट तपासणी होते' म्हणून रक्तदान शिबिरात जाणारे आजही आहेत. कृपा करून तसं करू नका, ते रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं.

पॉझिटिव्ह निघालात तर एआरटी केंद्रात औषधं आयुष्यभर मोफत. नियमित औषधाने विषाणू इतका खाली जातो की मोजणीत दिसत नाही, आणि तसा दबून राहिला की संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

पाळी चुकली

मेडिकलमध्ये पट्टी मिळते, सरकारी केंद्रात 'निश्चय' किट मोफत. सकाळची पहिली लघवी कोरड्या, स्वच्छ वाटीत घ्या. साबणाचा अंश राहिलेल्या झाकणात घेतली तर निकाल बिघडू शकतो. ड्रॉपरने दोन-तीन थेंब गोल खळग्यात टाका आणि पट्टी आडवी ठेवून पाच मिनिटं थांबा. 'सी'पाशी एक रेघ म्हणजे गर्भ नाही. 'सी' आणि 'टी' दोन्हीपाशी म्हणजे आहे, 'टी'ची रेघ फिकी असली तरी. 'सी'पाशी रेघच नाही तर किट खराब, दुसरी वापरा. तासाभराने उमटलेल्या रेघेवर विश्वास ठेवू नका. पाळी अनियमित असेल तर शेवटच्या संबंधापासून २१ दिवस मोजा आणि मग करा.

गर्भपात २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने होतो. २० ते २४ आठवड्यांत दोन डॉक्टर लागतात आणि ठरावीक कारणं लागतात. अविवाहित मुलींनाही ही मुदत मिळते, हे वर सांगितलेल्या २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालाने पक्कं केलं. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंतच. केंद्र मान्यताप्राप्त आहे का हे बघायचं असेल तर भिंतीवर मान्यतेचं प्रमाणपत्र लावलेलं असतं, ते लावणं सक्तीचंच आहे. तुमचं संमतीपत्र पाकिटात मोहोरबंद करून त्यावर 'गोपनीय' असा शिक्का मारतात, बाहेर फक्त नोंदवहीतला क्रमांक आणि डॉक्टरांचं नाव. माहिती फोडणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

सोनोग्राफीच्या वेळी 'फॉर्म एफ' भरून घेतात आणि त्यात नवऱ्याचं, वडिलांचं किंवा आईचं नाव विचारतात. इथे मुली घाबरून परत फिरतात. तो फॉर्म गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्यासाठी आहे, तो घरी पाठवला जात नाही.

गर्भपाताच्या गोळ्या ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून किंवा ऑनलाइन मागवून घरी घेऊ नका. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर या गोळ्यांनी तो पडत नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होतो आणि काही तासांत जिवावर बेततं. गोळ्या घेतल्याच असतील आणि तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, असं सलग दोन तास चाललं असेल, चक्कर येत असेल, खांदा दुखत असेल किंवा ताप उतरत नसेल तर तडक रुग्णालय गाठा. आणि कोणत्या गोळ्या घेतल्या ते लपवू नका.

खासगी लॅब आणि मेडिकल

पैसे देऊन खासगीत केलं की जास्त गोपनीय राहतं, हा समज बराचसा चुकीचा आहे. लॅबमध्ये एकाच मोबाइल नंबरवर अख्ख्या कुटुंबाची नावं जोडलेली असतात. मागे आईची थायरॉइड चाचणी ज्या लॅबमध्ये झाली तिथेच गेलात तर तुमचा रिपोर्ट आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर जाईल. म्हणून दुसरी लॅब निवडा, "रिपोर्ट फक्त हातात द्या, कुठेही पाठवू नका" असं पावतीवर लिहून घ्या, आणि पैसे रोख द्या. सामायिक खात्यातून यूपीआय केलं की पासबुकात लॅबचं नाव उमटतं. कुटुंबाच्या विम्यातून क्लेम करू नका, त्याचा तपशील पॉलिसीधारकाला जातो. घरून रक्त न्यायला बोलावणं तर नकोच. ऑनलाइन सल्ला घेताना वय १८ खाली असेल तर २०२० च्या नियमांप्रमाणे बरोबर प्रौढ व्यक्ती असावी लागते.

लोकलच्या डब्यात, मुतारीत, रिक्षामागे जे 'गुप्तरोग' वाले फलक असतात तिथे जाऊ नका. स्वप्नदोष आणि धात जाणं हे रोग नाहीत, आणि ज्या गोष्टीला औषधच लागत नाही तिच्यासाठी मुलांकडून तिथे हजारो रुपये उकळले जातात.

निघताना

निरोध सरकारी केंद्रात मोफत असतात, आयसीटीसीच्या दाराबाहेर बहुधा डबाच लावलेला असतो. न विचारता उचला. मुलींसाठी छाया (गोळी, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा), माला-एन (गोळी, रोज) आणि अंतरा (तीन महिन्यांनी एक इंजेक्शन) हे पर्याय मोफत आहेत. पाकीट घरी सापडण्याची भीती असेल त्यांना अंतरा बरं पडतं, कारण घरी ठेवायला काहीच नसतं. पहिल्या महिन्यांत पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे आधी माहीत असलेलं बरं.

हिपॅटायटिस-बीची लस लहानपणी झाली होती का ते विचारा. नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी तीन डोस. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवरची) लस वयाच्या १५ नंतर तीन डोसांत, त्याआधी दोन. पुण्यात तयार होणारी सर्व्हावॅक ही एचपीव्हीची लस मुलग्यांनाही चालते.

रिपोर्टचा फोटो काढून लॉक असलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. आपोआप कुटुंबाच्या सामायिक अल्बममध्ये जात नाही ना, तेवढं आधी तपासा. मूळ कागद समुपदेशकाकडे फाइलमध्ये ठेवता येतो का ते विचारा, पुष्कळ जण ठेवून घेतात. पुढची तारीख मात्र मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, 'लायब्ररी' किंवा 'फॉर्म भरणे' अशा नावाने.